बऱ्या दिवसाची धास्ती

पेंटर पडला तेव्हा तो एका चहाच्या कपाला कान काढत होता. चार मजली भिंतीवर हा थोरला कप, कपातून निघणारी वाफ आणि शेजारी पुरुषभर उंचीची अक्षरं. सगळं काम आटोपलं होतं, कपाचा कान तेवढा राहिला होता. दोराची गाठ सुटली की दोरच झिजला होता, हे पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही. टांगलेली फळी एका बाजूने खचली आणि पेंटर रंगाच्या डब्यासकट खाली आला. खाली फळवाल्याची ताडपत्री होती म्हणून जिवानिशी वाचला.

"मी मेलो नाही म्हणून बायको काही बोलली नाही, पण डबाभर रंग सांडला म्हणून मालक चिडला," असं तो पुढे सांगायचा, आणि ऐकणारा हसला की स्वतःही हसायचा. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांना मात्र या गोष्टीत काही विनोद सापडला नाही. कुठलीशी नस कायमची दुखावली. तेव्हापासून त्याच्या शरीराने एक चमत्कारिक खाक्या धरला. काही दिवस हातपाय अगदी हुकमात असायचे. बाकीचे दिवस उजवा पाय कोणा परक्याचा आणून बसवल्यासारखा, आणि बोटांत अशा मुंग्या की चमचासुद्धा निसटावा. उद्या काय असेल हे डॉक्टरांनाही सांगता येत नसे.

घरात यालाच 'बरा दिवस' आणि 'वाईट दिवस' म्हणत. सकाळी चहा ठेवता ठेवता बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, कसला दिवस?" आणि पेंटर अंथरुणातच पायाची बोटं हलवून बघून ओरडायचा, "बरा!" किंवा नुसताच "हं" म्हणायचा. त्या "हं"वरून तिला कळायचं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. कामावर जाण्याआधी त्याला उशीला टेकवून बसवायची, पाणी आणि औषधं हाताशी ठेवायची आणि जायची. अपंगांसाठीची सरकारी मदत आणि तिचा पगार, एवढ्यावर दोन खोल्यांचं ते घर चालायचं. चैन नव्हती, पण रडगाणंही नव्हतं.

बरे दिवस वाढले ते लेकीमुळे. लेक त्याच इस्पितळात फिजिओथेरपीचं शिक्षण घेत होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होती. सुटीच्या दिवशी घरी आली की बापाला भिंतीशी उभं करायची. "टाच टेका. पाठ सरळ. भिंतीला नाही, मला बघा." पेंटर तिला हेडमास्तरीण म्हणायचा. आधी पलंग ते दार, मग दार ते जिना. मग एके दिवशी काठी टेकत तो खालच्या टेलरच्या दुकानापर्यंत गेला आणि तिथल्या स्टुलावर राजासारखा बसला. लेक फूटपाथवर उभी राहून रडली आणि वर "धूळ गेली डोळ्यात" म्हणाली.

टेलर त्याचा जुना दोस्त. माप घेताना गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा माणूस. त्याच्या दुकानाची पाटी पार विटली होती. मागच्या वर्षी बऱ्या दिवसांची जरा रांग लागली तेव्हा पेंटरने ती रंगवून दिली. रोज थोडं थोडं, स्टुलावर बसून, मनगट उशीवर ठेवून. पैशाचा प्रश्नच नव्हता. गडद निळ्यावर दुधी अक्षरं, कडेला तांबड्या रेघेची झालर. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला टेलर बळेबळे बाहेर नेऊन पाटी दाखवायचा. "आपल्या पेंटरची कामगिरी! हात गेला म्हणत होते ना सगळे?"

मग नियम बदलले.

आधी बातम्यांत नुसती कुणकुण होती. खोटे लोक मदत लाटतात, आता चाळणी लावणार, वगैरे. पेंटर म्हणाला, "लावा की. मी काय खोटा आहे?" नंतर नियम आले. मदत घेणाऱ्या सगळ्यांची नव्याने तपासणी होणार, ती घरी येऊन होणार आणि आधी न कळवता होणार. 'काही प्रमाणात काम करू शकणारा' माणूस यापुढे अपंग धरला जाणार नव्हता. आणि शेजारपाजारच्या लोकांना तक्रारीसाठी एक फोन नंबर दिला गेला.

त्या नंबरची भित्तिपत्रकं बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारात, पावाच्या दुकानाच्या काचेवर झळकली. पेंटरने लेकीबरोबर फिरताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यातला पेंटरच आधी जागा झाला. पिवळ्या कागदावर काळी, ठसठशीत अक्षरं. अंतर नेमकं, वजन नेमकं. "काम फर्मास आहे हं," तो लेकीला म्हणाला. मग त्याने मजकूर वाचला. 'तुमच्या ओळखीचं कोणी खोटी मदत घेतंय का? आम्हाला सांगा. तुमचं नाव गुप्त राहील.' दोघंही परत फिरली. जिन्यापाशी आल्यावर त्याला जाणवलं की आपण नेहमीपेक्षा जास्त लंगडतोय, आणि आज तर बरा दिवस आहे.

मग एकेक ऐकू यायला लागलं. पलीकडच्या गल्लीतल्या कुबडीवाल्या फुलवालीने पाण्याची बादली उचलली, तेव्हा कोणीतरी तिचा फोटो काढला. तिची मदत बंद झाली. फिट्स येणाऱ्या एका शिपायाला सांगितलं गेलं, तपासनीस बसले तेवढ्या वेळात तुम्हाला एकही फिट आली नाही. लोक हे सांगताना आवाज खाली आणायचे. पूर्वी पेंटर रस्त्यात दिसला की "वा, आज स्वारी फिरायला!" म्हणणारी माणसं आता नुसती बघून मान हलवायची. त्यांच्या मनात काही असेल किंवा नसेलही. पण पेंटरला आता प्रत्येक नजर आपल्या पायांवर येऊन थांबतेय असं वाटायला लागलं.

बायकोचं धाबं त्याच्याआधी दणाणलं. तिने इस्पितळातून बाद झालेल्या चादरी आणल्या आणि रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदे शिवून लावले. एका संध्याकाळी ती खाली टेलरकडे गेली.

"भाऊ, ती पाटी तेवढी उतरवा."

टेलरच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून त्याने गादीत खोचल्या. "वहिनी, उतरवली तर लोक विचारतील, का उतरवली? मग मी काय सांगू?"

"मग निदान कोणी केली ते..."

"ते मी हल्ली सांगत नाही कोणाला," टेलर म्हणाला, आणि पुन्हा मापाच्या पट्टीत डोकं घातलं. तिला एकदम बरंही वाटलं आणि वाईटही.

लेकीला हे पडदे पटले नाहीत. "आई, त्यांना चाललंच पाहिजे. स्नायू बसले की उठत नाहीत पुन्हा."

"आणि मदत बसली की?" आई म्हणाली. "ती कोण उठवणार? तू?"

पेंटर दोघींच्या मध्ये बसून होता. "मी बसतो, तुम्ही भांडा," त्याने विनोद करून बघितला. कोणी हसलं नाही.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी मात्र नशिबाने वाईट दिवस होता. नशिबाने, असंच त्या घरात आता म्हणत. पेंटर सकाळपासून पलंगावर लाकडासारखा पडला होता, आणि बायको नेमकी सुटीमुळे घरी होती. बाई मध्यम वयाच्या, पायांत साध्या चपला, जिना चढून दम लागलेला. त्यांनी पाणी मागितलं, आणि पेला तोंडाला लावता लावता सगळी खोली बघून घेतली. पलंगाची उंची, दाराशी टेकवलेली काठी, काठीच्या टोकाचं झिजलेलं रबर.

"काठी बरीच वापरात दिसते," त्या म्हणाल्या.

"जुनी आहे," बायको म्हणाली.

बाईंनी बोटं मिटायला सांगितली, ती मिटली नाहीत. पाय उचलायला सांगितला, तो उचलला नाही. वेदनेने पेंटरच्या कपाळावर घाम आला, तेव्हा बाईंनीच टेबलावरचा रुमाल उचलून बायकोच्या हातात दिला. काही वाईट बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "फार सोसलंत तुम्ही." बायकोचा जीव भांड्यात पडला. पिशवी खांद्याला लावून बाई दाराशी गेल्या आणि तिथे सहज थांबल्या.

"खाली टेलरच्या दुकानाची पाटी बघितली. रंग झकास आहेत. पण ती वेलांटी तोकडी पडली, नाही? रंगवणाऱ्याची जागा संपली असणार."

"तोकडी नाही ती!" पेंटर पलंगावरून म्हणाला. "मुद्दाम आखडून घेतलीय. वरून पन्हळ जाते, सावली पडते तिथे. लांब ओढली असती तर दुपारनंतर अर्धं अक्षर दिसलं नसतं."

बोलून झाल्यावर आपण काय कबूल केलं हे त्याला कळलं. बायको हातातला रुमाल घट्ट धरून उभी होती.

"हो का," बाई म्हणाल्या. "हे लक्षात नव्हतं आलं माझ्या. केव्हा केलीत?"

पेंटरला खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यात कोणी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं आणि त्याने थाप मारली असं झालं नव्हतं. "मागच्या वर्षी," तो म्हणाला.

"छान झालीय पाटी," बाई म्हणाल्या, आणि खरोखर मनापासून म्हणाल्यासारखं वाटलं. मग त्या सावकाश जिना उतरून गेल्या. त्यांनी ते मुद्दाम विचारलं की बोलता बोलता, याचा पेंटरने पुढे खूप विचार केला. त्याला ते कधीच कळलं नाही.

मदत बंद झाली. कारण एका ओळीत होतं: सदर व्यक्ती काही प्रमाणात काम करू शकते.

बायकोने धुलाईघरात जादा पाळी धरली, ती धुण्याच्या हौदावरची. औषधांपैकी एक महागडी गोळी त्यांनी आधी दिवसाआड केली, मग सोडूनच दिली. पेंटर एका शब्दाने त्या पाटीबद्दल बोलला नाही आणि बायकोनेही विषय काढला नाही. ती नुसती घरात वावरताना भांडी जरा जोरात ठेवायची. एकदा त्याने तिला विचारलं, "रागावलीस?" ती म्हणाली, "कोणावर रागवू? वेलांटीवर?" आणि मग तिला हसूच फुटलं, हसता हसता डोळ्यांना पदर लागला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

फेरसुनावणीची सोय होती. अर्ज द्यायला बायको कचेरीत गेली, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने कागद घेतला, शिक्का मारला आणि आजूबाजूला बघत हळूच म्हटलं, "बाई, त्यांना आणाल तेव्हा चालवत आणू नका." एवढं बोलून त्याने "पुढचे!" अशी हाक दिली.

सुनावणीच्या सकाळी पेंटरने अंथरुणात बोटं हलवून बघितली. बोटं हलत होती. दोन्ही पायांची. त्याने मूठ वळली, ती घट्ट वळली. मान वळवली, तीही विनातक्रार वळली. इतका लख्ख बरा दिवस गेल्या कित्येक आठवड्यांत उगवला नव्हता.

"अहो, कसला दिवस?" स्वयंपाकघरातून हाक आली.

त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. बायको हातातला चमचा तसाच घेऊन दारात आली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसली. "आजच?"

"मी काय करू?" पेंटर म्हणाला, जणू त्याच्या हातून काही गुन्हा घडला होता.

बायकोने इस्पितळातून चाकांची खुर्ची मागून आणली होती. लेक आली तेव्हा आई त्याला त्या खुर्चीत बसवत होती आणि गुडघ्यांवर पांघरूण घालत होती. लेकीने एका नजरेत ओळखलं. बापाच्या पायांचा रंग, खांद्यांची ठेवण, कशावरून तरी.

"बाबा, आज बरा दिवस आहे."

"हळू बोल," आई म्हणाली.

"बाबा, खरं सांगा ना त्यांना. आज चालता येतंय, परवा येणार नाही, हाच तर आजार आहे तुमचा. लपवायचं कशाला?"

पेंटर म्हणाला, "बघू. विचारलं तर सांगतो." आणि त्या वेळी त्याला ते खरंच वाटत होतं.

सुनावणीची खोली लांबट होती, पाठीमागे एकच खिडकी. टेबलापलीकडे तिघं बसलेले. मधल्या पांढऱ्या केसांच्या अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. पेंटरने आधी खरं सांगायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. "साहेब, माझं असं आहे, काही दिवस बरे असतात, काही..."

"दिवसांचा हिशेब आम्ही धरत नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. सकाळपासून तेच वाक्य अनेकदा बोलावं लागल्यासारखा थकलेला होता. "नव्या नियमात तशी जागाच नाही. ती पाटी मागच्या वर्षीची, ती सोडा. उभं राहता येतं, की येत नाही? येत असेल तर येतं म्हणून धरणार. काय लिहू?"

पांघरुणाखाली पेंटरचे पाय जमिनीवर टेकले होते. टाच, चवडा, गुडघा, सगळं जागच्या जागी होतं. उठून उभं राहणं त्या घटकेला श्वास घेण्याइतकं सोपं होतं. त्याने बायकोकडे बघितलं. चादरी धुण्याच्या सोड्याने तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"नाही येत," तो म्हणाला.

अध्यक्षांनी लिहिलं. मग चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. "तुम्ही मुलगी ना? आणि फिजिओथेरपी शिकता. मग तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही यांना उभं राहताना पाहिलंय?"

पेंटरने मान खाली घातली. आपण आपलं खोटं बोलून मोकळे झालो, पण हे तिच्यावर येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. लेक टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिली. टेबलापलीकडच्या तिसऱ्या गृहस्थाने पेन खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "पडल्यापासून नाही."

मदत परत सुरू झाली. बाहेर आल्यावर बायकोने भिंतीला टेकून डोळे मिटले. लेकीने खुर्ची फाटकापर्यंत ढकलत नेली, ब्रेक लावला, बापाच्या गुडघ्यांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "जाते मी, पाळी आहे." त्या दिवशी तिला सुटी होती, हे पेंटरला ठाऊक होतं. ती रस्ता ओलांडून गेली, वळून बघितलं नाही.

त्यानंतर खुर्ची परत करण्याचा प्रश्नच उरला नाही. मदतीसोबत आलेल्या सूचनेत लिहिलं होतं की पुढची तपासणी केव्हाही होऊ शकते. केव्हाही. बायको तो शब्द पाठ झाल्यासारखा म्हणायची. आता पेंटर बाहेर पडला तरी खुर्चीतूनच. आणि गंमत म्हणजे लोक पुन्हा गोड वागायला लागले. शेजारची पोरं खुर्ची उचलून जिन्यावरून उतरवायची. पावाच्या दुकानातली बाई खुर्ची पायरीवरून चढवायला धावायची. "फारच खालावलात हो तुम्ही," म्हणायची. पेंटर हसून मान डोलवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

टेलरने एकदा त्याला दुकानात बोलावलं. पेंटर आत येताच त्याने दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "इथे कोणी नाही. उठून बसा की स्टुलावर, पूर्वीसारखे."

पेंटरने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. अर्धं आयुष्य ज्याच्याबरोबर चहा प्यायला तो हा माणूस. तो खरोखर मायेने बोलत होता की नुसतं बघत होता?

"नाही जमत," पेंटर म्हणाला.

टेलरचा चेहरा पडला. कशाने पडला, हे विचारायची सोय राहिली नव्हती.

सुरुवातीला बऱ्या दिवशी पेंटर आतल्या खोलीत, पडदा ओढून, अनवाणी फेऱ्या मारायचा. पण जमिनीच्या फळ्या कुरकुरायच्या आणि खाली दुकान होतं. बायको म्हणायची, "पुरे आता, बसा." मग फेऱ्या कमी झाल्या. मग बायको सकाळची हाक मारेनाशी झाली. दिवस कसला, हे विचारून उपयोग तरी काय? वाईट असला तर प्रश्नच नव्हता, आणि बरा असला तर ऐकून आधी पडदे ओढावे लागायचे. अंथरुणात बोटं हलवून बघायची सवयही पेंटरच्या नकळत सुटली. लेक महिन्यातून कधीतरी यायची, फळं ठेवायची, हवापाण्याचं बोलायची. भिंतीशी उभं राहा असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

पुढचा तपासनीस आला तो तरुण होता आणि घाईत होता. त्या दिवशी लेक घरी होती. त्याने रबरी हातोडीने पेंटरच्या गुडघ्यांवर हलकेच ठोकलं, पोटऱ्या चाचपल्या, "उभं राहायचा प्रयत्न करा" म्हणाला. पेंटरने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मनाशी ठरवलं होतं, जरासं उठल्यासारखं करायचं आणि पडायचं. सोंग वठवायला त्याने जोर लावला. पण उठताच आलं नाही. त्याने पुन्हा जोर लावला, या वेळी खरा. मांड्या थरथरल्या आणि तो जागच्या जागी बसला.

त्याने लेकीकडे बघितलं. पाय खरोखरच गेलेत हे तिला केव्हाच कळलं होतं.

"ठीक आहे, ठीक आहे, त्रास नका घेऊ," तपासनीस म्हणाला. "स्थिती स्थिर आहे. चांगली बातमी देतो, तुमची पुढची तपासणी आता लवकर लागणार नाही." बायकोने हात जोडले.

"यांना उपचार मिळाले तर?" लेकीने विचारलं. "सरकारी व्यायाम केंद्र आहे ना. अजूनही पाय परत येतील. पूर्वीइतके नाही, पण येतील."

तपासनीसाने पिशवीची चेन ओढली. "देता येईल की अर्ज. मात्र तिथे सुधारणा होऊ शकते असं दाखवावं लागतं. आणि सुधारणा होऊ शकते म्हटलं की ही फाइल पुन्हा उघडते." तो क्षणभर थांबला. त्याला स्वतःलाच हे वाक्य कसंसंच वाटलं असावं. "बघा तुम्ही," म्हणाला आणि गेला.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं.

"राहू दे," पेंटर म्हणाला. "आता काय. आहे ते बरं आहे."

लेक उठली. तिने पडदा नीट ओढून घेतला, कडेची फटसुद्धा चिमटा लावून बंद केली. चपला काढल्या. खुर्चीसमोर येऊन गुडघे वाकवले आणि बापाचे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर घेतले. "केंद्र नको, अर्ज नको. मी येत जाईन. टाच टेका."

"अगं, कोणी बघितलं तर?" आई म्हणाली. "आत्ताच तर सुटलो."

"आई, एक तर मदत कर, नाहीतर बाहेर जा."

आई उभी राहिली. नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. पायजम्याच्या आत काही नसल्यासारखे ते दिसत होते, आणि रोज तेच पाय पुसणाऱ्या तिला ते आज पहिल्यांदा दिसले. ती धुतलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन जिन्यात गेली आणि दार बाहेरून लोटून घेतलं. कोणी आलंच तर ती मोठ्याने बोलणार होती. सांगायची गरज पडली नाही, तिघांनाही ते कळलं.

अंधाऱ्या खोलीत लेक हळू आवाजात म्हणाली, "पाठ सरळ. जमिनीला नाही, मला बघा." पेंटरने तिच्या खांद्यांवर भार टाकला. पाय आधी नुसतेच लोंबले, मग टाचा टेकल्या. खुर्चीपासून तो वीतभर वर आला. तिचा श्वास त्याच्या कानाशी वाजत होता. "अजून," ती म्हणाली. "अजून थोडं." गुडघे कापत होते, तरी सरळ होत होते. किती दिवसांनी त्याला खोलीतलं बुटकं कपाट वरच्या बाजूने दिसलं.

तेवढ्यात जिन्यात बायकोचा आवाज चढला.

"कोण? कोण पाहिजे तुम्हाला? वर कुठे निघालात?"

दोघं तशीच थिजली. पेंटर अर्धवट उभा, लेकीची बोटं त्याच्या बरगड्यांत रुतलेली. खाली बसवावं तर खुर्ची करकरणार होती. दाराबाहेर पावलं एकेक पायरी चढत वर येत होती, आणि बायको आणखी मोठ्याने बोलत होती.